चित्रकलेतील स्वच्छंदतावाद : कलाकृतीत तो कुठे शोधावा?

स्वच्छंदतावाद ही अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मनी आणि इंग्लंडमध्ये उदयाला आलेली चळवळ. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपातील साहित्य, संगीत, चित्रकला आणि तत्त्वचिंतन या साऱ्यांवर तिचा ठसा उमटला. मराठी वाचकाला तिची ओळख बहुधा वर्ड्‌स्वर्थ, शेली, कीट्स यांच्या कवितेतून किंवा केशवसुतांवरील इंग्रजी काव्याच्या प्रभावाच्या चर्चेतून होते. कवितेत कवीची भूमिका शब्दांतच उतरते. चित्राला ती सोय नाही. त्यामुळे एखाद्या चित्रात स्वच्छंदतावादाची मूल्ये कशी उतरली आहेत हे सांगताना समीक्षकाला आधी ती कुठे पाहायची हे ठरवावे लागते.

सर्वांत प्रचलित उत्तर विषयांच्या यादीचे आहे: वादळ, भग्न वास्तू, चांदणी रात्र, उत्तुंग पर्वत, एकाकी माणूस. ही यादी पुरी पडत नाही. फ्रेंच चित्रकार क्लोद-जोझेफ व्हेर्ने याने अठराव्या शतकात जहाजफुटीची अनेक चित्रे रंगवली आणि यूबेर रोबेरने भग्नावशेषांवरच नाव कमावले, तरी दोघांनाही सरसकट स्वच्छंदतावादी म्हटले जात नाही. त्यांच्या चित्रांतले संकट डोळ्यांना सुखावणाऱ्या, ठरीव मांडणीत बसलेले असते. फ्रेंच कवी शार्ल बोदलेअरने १८४६च्या सालाँ प्रदर्शनावरील परीक्षणात हाच मुद्दा मांडला. त्याच्या मते स्वच्छंदतावाद विषयाच्या निवडीत किंवा तंतोतंत सत्यात नसतो, तो अनुभवण्याच्या रीतीत असतो. अनुभवण्याची ही रीत चित्रात दिसते ती चित्रकाराच्या निर्णयांतून: कोणता क्षण निवडला, काय गाळले, प्रेक्षकाला कुठे उभे केले, रंग कसा लावला. एकेका चित्राचा अभ्यास या निर्णयांपाशी सुरू झाला तरच तो ठोस होतो.

व्याख्येचा वाद

स्वच्छंदतावाद म्हणजे नेमके काय, यावर विद्वानांचे एकमत कधीच झाले नाही. अमेरिकी विचारेतिहासकार आर्थर लव्हजॉय याने १९२४ साली असे प्रतिपादन केले की या एका नावाखाली परस्परविरोधी प्रवृत्ती गोळा झाल्या आहेत आणि म्हणून स्वच्छंदतावाद एक नसून अनेक आहेत. रेने वेलेक याने १९४९ साली त्याला उत्तर दिले. कल्पनाशक्तीला दिलेले श्रेष्ठ स्थान, निसर्गाकडे सजीव एकात्म सृष्टी म्हणून पाहणे आणि प्रतीक व मिथक यांचा आधार हे तीन धागे युरोपभरच्या स्वच्छंदतावादी साहित्यात समान आहेत, असे त्याने दाखवले. एम. एच. एब्रम्स याच्या ‘द मिरर अँड द लॅम्प’ (१९५३) या ग्रंथाने कलेच्या कल्पनेतील बदल स्पष्ट केला: जगाचे प्रतिबिंब दाखवणारी कला ही जुनी कल्पना मागे पडली आणि कलावंताच्या अंतरंगातून बाहेर पडणारा प्रकाश म्हणजे कला ही नवी कल्पना पुढे आली. आयझाया बर्लिन याने १९६५च्या व्याख्यानमालेत या चळवळीचे मूळ मूल्यविचारात शोधले. सर्व प्रश्नांना एकच खरे उत्तर असते आणि ती उत्तरे एकमेकांशी सुसंगत असतात, या पाश्चात्त्य श्रद्धेला स्वच्छंदतावादाने तडा दिला असे त्याचे म्हणणे होते.

चित्राच्या अभ्यासकाला या वादातून एक सावधगिरी मिळते. कोणतेही एक चित्र साऱ्या स्वच्छंदतावादाचे प्रतिनिधी नसते. त्यात काही मूल्ये ठळक असतात, काही अजिबात नसतात आणि काहींना विरोधही असतो.

मूल्यांची जडणघडण

तरीही वारंवार आढळणारी काही मूल्ये सांगता येतात. व्यक्तीच्या अनुभवाला आणि भावनेला ज्ञानाचे साधन म्हणून मान्यता मिळाली. कल्पनाशक्ती ही नक्कल करणारी नसून निर्माण करणारी शक्ती ठरली. निसर्ग हा देखाव्यापुरता न राहता माणसाहून प्रचंड, कधी सांत्वन देणारा तर कधी चिरडून टाकणारा असा सहभागी झाला. स्वातंत्र्य हे राजकीय आणि कलात्मक अशा दोन्ही अर्थांनी सर्वोच्च मूल्य बनले. स्वप्न, भय, वेड आणि मृत्यू हे बुद्धीच्या कक्षेबाहेरचे प्रदेश कलेला खुले झाले.

यांतील उदात्ताची कल्पना चित्रकलेसाठी विशेष महत्त्वाची आहे. एडमंड बर्क याने १७५७च्या आपल्या ग्रंथात सुंदर आणि उदात्त यांत भेद केला. सुंदर वस्तू लहान, गुळगुळीत, सुखद असते; उदात्त वस्तू विशाल, अस्पष्ट, भयकारी असते आणि सुरक्षित अंतरावरून पाहिल्यास ते भयच आनंद देते. इमान्युएल कांट याने १७९०मध्ये याला वेगळे वळण दिले. त्याच्या मते उदात्तता वादळात किंवा पर्वतात नसते. इंद्रियांची मर्यादा उघडी पडत असतानाच बुद्धीला स्वतःचे श्रेष्ठत्व जाणवते, त्या प्रसंगी मनात उदात्ताचा प्रत्यय येतो. अफाट निसर्गासमोरची चिमुकली मानवाकृती बर्कच्या दृष्टीने पाहिली तर भयाची ठरते, कांटच्या दृष्टीने पाहिली तर माणसाच्या आंतरिक मोठेपणाची.

ही मूल्ये कशाविरुद्ध उभी राहिली हे जाक-लुई दाव्हिदच्या ‘होरेशसबंधूंची शपथ’ (१७८४) या चित्रावरून कळते. तीन कमानी, तीन भाऊ, मध्यभागी तलवारी उंचावलेला पिता, एका बाजूला शोक करणाऱ्या स्त्रिया. रेषा नेमकी, प्रकाश स्वच्छ, प्रत्येक आकृतीला तिची जागा. व्यक्तिगत दुःखापेक्षा कर्तव्य मोठे हा नवअभिजातवादाचा संदेश मांडणीतच कोरलेला आहे. पुढील पिढीने हीच स्पष्टता आणि हीच खात्री नाकारली. मधल्या काळात फ्रेंच राज्यक्रांती, दहशतीचे राज्य, नेपोलियनची युद्धे आणि १८१५मधील राजेशाहीचे पुनरागमन असे सारे घडून गेले होते.

‘मेड्युसाचा तराफा’ : एका चित्राचे सविस्तर वाचन

तेओदोर जेरिको (१७९१–१८२४) याचे १८१८–१९मधील हे चित्र या प्रश्नासाठी सर्वांत समृद्ध उदाहरण आहे. २ जुलै १८१६ रोजी ‘मेड्यूज’ ही फ्रेंच युद्धनौका सेनेगलला जाताना आजच्या मॉरिटानियाच्या किनाऱ्याजवळ वाळूच्या दांड्यावर रुतली. कप्तान शोमारे याने वीसेक वर्षांत जहाज चालवले नव्हते. राजनिष्ठेच्या बळावर त्याला हे पद मिळाले होते. बचावाच्या होड्या अपुऱ्या पडल्याने सुमारे १४७ जणांना घाईने बांधलेल्या तराफ्यावर चढवण्यात आले. होड्यांनी तो ओढून नेण्याचे ठरले होते, पण थोड्याच वेळात दोर सोडले गेले. पुढील १३ दिवसांत भूक, तहान, बंडाळी, खून आणि नरमांसभक्षण यांतून केवळ १५ जण जिवंत राहिले. त्यांतील वैद्य साविन्यी आणि अभियंता कोरेआर यांनी १८१७मध्ये प्रसिद्ध केलेल्या वृत्तांताने राजवटीची अब्रू गेली.

जेरिकोची तयारी शोधपत्रकाराला शोभेल अशी होती. त्याने साविन्यी व कोरेआर यांच्याशी चर्चा केली, वाचलेल्या सुताराकडून तराफ्याची प्रतिकृती करून घेतली, रुग्णालयात मरणासन्न रुग्णांचे निरीक्षण केले, शवागारातील अवयवांचे अभ्यासचित्रण केले आणि समुद्र व आकाश पाहण्यासाठी ल आव्र बंदर गाठले. स्वच्छंदतावाद म्हणजे केवळ भावनेचा उद्रेक या समजाला ही तयारीच छेद देते. अस्सल अनुभवाची ओढ या चळवळीच्या गाभ्याशी होती आणि ती अशा निरीक्षणालाही प्रवृत्त करी.

पहिला महत्त्वाचा निर्णय क्षणाचा आहे. जेरिकोने बंडाळी, नरमांसभक्षण, प्रत्यक्ष सुटका असे निरनिराळे प्रसंग कच्च्या आराखड्यांतून पारखले आणि शेवटी ‘आर्गस’ हे जहाज क्षितिजावर प्रथम दिसते तो क्षण निवडला. वृत्तांतानुसार ते जहाज दिसले, पुन्हा दिसेनासे झाले आणि काही तासांनी परत आले. म्हणजे हा क्षण आशेचा आहे, पण खात्रीचा नाही. दाव्हिदच्या चित्रात शपथ घेतली गेली आहे आणि परिणाम ठरलेला आहे. इथे परिणाम अधांतरी आहे. इतिहासाने दिलेला शेवट रोखून धरल्याने चित्रातील माणसांची अनिश्चितता प्रेक्षकाच्या वाट्याला येते.

दुसरा निर्णय रचनेचा. चित्रात दोन त्रिकोण एकमेकांशी झगडतात. डोलकाठी, शीड आणि दोरांचा त्रिकोण डावीकडे कलला आहे. वारा शिडात भरून तराफ्याला जहाजापासून दूर नेतो आहे. दुसरा त्रिकोण माणसांचा. तळाशी प्रेते, मग निपचित पडलेले, मग उठू पाहणारे आणि उजवीकडे शिखरावर पिंपावर उभा राहून कापड हलवणारा कृष्णवर्णीय माणूस. निसर्गाची ओढ एका दिशेला, माणसाची इच्छा दुसऱ्या दिशेला. निसर्ग आणि मानवी आकांक्षा यांचा हा संघर्ष कोणत्याही चिन्हाविना, नुसत्या तिरक्या रेषांच्या ताणातून उभा राहतो. डावीकडे मुलाचे शव मांडीवर घेऊन बसलेला वृद्ध मात्र जहाजाकडे पाठ फिरवून आहे. साऱ्या गर्दीत आशेला नकार देणारी ही एक आकृती ठेवल्याने चित्राचा अर्थ सरळ विजयगाथेचा होत नाही.

तिसरा निर्णय प्रेक्षकाच्या जागेचा. कॅनव्हास ४९१ बाय ७१६ सेंटिमीटर, म्हणजे पुढच्या आकृती माणसाएवढ्या किंवा त्याहून मोठ्या. तराफ्याचा कोपरा आपल्या अंगावर येतो आणि प्रेतांचे हातपाय चौकटीपर्यंत पोहोचतात. बर्कने सांगितलेले सुरक्षित अंतर इथे उरत नाही. जेवढे पुढचे शरीर जवळ, तेवढे ‘आर्गस’ दूर. ते क्षितिजावर जेमतेम ठिपक्याएवढे आहे.

चौथा निर्णय वस्तुस्थितीत केलेल्या बदलांचा. वाचलेल्यांच्या सांगण्यानुसार सुटकेच्या सकाळी हवा स्वच्छ व समुद्र शांत होता. चित्रात काळवंडलेले आकाश आणि डावीकडून उसळणारी लाट आहे. प्रत्यक्षात १३ दिवसांच्या उपासमारीने शरीरे खंगलेली होती. चित्रात ती पिळदार आहेत. इतके कसून पुरावे गोळा करणाऱ्या चित्रकाराने ते बाजूला ठेवले, ते आंतरिक सत्य गाठण्यासाठी. वादळ मनःस्थितीचे आहे. शरीरांच्या बाबतीत मात्र उत्तर वेगळे आहे. मायकेलअँजेलोच्या मानवाकृतींचा जेरिकोवर खोल प्रभाव होता आणि अभिजात परंपरेने शिकवलेले देह त्याने सोडले नाहीत. देवादिकांना आणि सेनानींना मिळणारी ही भव्यता त्याने अनाम खलाशांना व सैनिकांना दिली. जुन्या परंपरेचे साधन नव्या मूल्याच्या कामी आले.

पाचवा निर्णय राजकीय आहे. शिखरावरील आकृतीसाठी सेंट-डोमिंगचा, म्हणजे आजच्या हैतीचा, जोसेफ हा मॉडेल होता. गुलामांच्या व्यापाराचा प्रश्न तेव्हा धगधगत होता. अशा वेळी आशेचे शिखर एका कृष्णवर्णीय माणसाला देणे हे स्वातंत्र्याच्या मूल्याचे ठाम विधान आहे असे अनेक अभ्यासक मानतात. चित्रात नायक नाही, सेनापती नाही, राजा नाही, देवाचा हस्तक्षेप नाही. १८१९च्या प्रदर्शनात ते ‘जहाजफुटीचे दृश्य’ अशा मोघम नावाने लावले गेले, पण कोणती जहाजफुटी हे सर्वांना ठाऊक होते. १८२०मध्ये लंडनमध्ये ते सुमारे ४०,००० लोकांनी पाहिले. जेरिकोच्या मृत्यूनंतर १८२४मध्ये ते लूव्र संग्रहालयासाठी विकत घेतले गेले. पुढे इतिहासकार मिशले याला त्या तराफ्यावर सारा फ्रान्सच दिसला.

फ्रीडरिख : एकांत आणि गाळणे

कास्पार डाविड फ्रीडरिख (१७७४–१८४०) याचा मार्ग अगदी उलट आहे. ‘समुद्राकाठचा भिक्षू’ (१८०८–१०) या चित्रात वाळूची पट्टी, काळसर समुद्राची अरुंद रेघ, तीन-चतुर्थांशाहून अधिक आकाश आणि एक छोटी पाठमोरी आकृती एवढेच आहे. अवरक्त किरणांच्या तपासणीत असे आढळले की फ्रीडरिखने आधी समुद्रावर जहाजे काढली होती आणि नंतर ती झाकून टाकली. निसर्गचित्रात नजरेला आत नेणारे झाड, वाट किंवा खडक ठेवण्याची रूढी होती. तीही त्याने मोडली. डोळ्याला थांबायला जागाच नाही. या गाळण्यातूनच अनंताचा प्रत्यय येतो. १८१०मध्ये बर्लिनमध्ये हे चित्र पाहून जर्मन लेखक क्लाइस्टने लिहिलेल्या टिपणात पापण्या कापल्यासारखे वाटते अशा आशयाची दाहक प्रतिमा आली.

‘धुक्याच्या समुद्रावरील प्रवासी’ (सु. १८१८) हे चित्र आज चळवळीचे बोधचिन्हच बनले आहे. एल्ब नदीकाठच्या वालुकाश्म डोंगरांत वेगवेगळ्या वेळी केलेली रेखाटने फ्रीडरिखने चित्रशाळेत एकत्र जुळवली. असे दृश्य एका जागेवरून दिसत नाही. निसर्गनिष्ठा आणि कल्पनाशक्ती यांचे नाते इथे उघड होते: तपशील पाहिलेले आहेत, जग रचलेले आहे. आकृती पाठमोरी असल्याने तिचा चेहरा, म्हणजे तिची भावना, कळत नाही. प्रेक्षकाला तिच्या जागी उभे राहण्याचे निमंत्रण मिळते आणि त्याच वेळी तीच त्याची दृष्टी अडवते. व्यक्तिनिष्ठ अनुभवाची खोली आणि त्याची मर्यादा, दोन्ही एका आकृतीत सामावली आहेत. कला-इतिहासकार रॉबर्ट रोझेनब्लम याने १९७५च्या ग्रंथात फ्रीडरिखपासून विसाव्या शतकातील अमूर्त चित्रकार मार्क रॉथकोपर्यंतची उत्तर युरोपीय परंपरा मांडली, ती या रिकामेपणाच्या आधारावर.

कॉन्स्टेबल आणि टर्नर

इंग्लंडमध्ये निसर्ग हाच मुख्य विषय झाला, पण दोन भिन्न स्वभावांनी. जॉन कॉन्स्टेबलने १८२१–२२मध्ये हॅम्पस्टेड येथे ढगांचे असंख्य अभ्यास केले आणि अनेकांच्या मागे तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा नोंदवली. त्याच्या ‘द हे वेन’ (१८२१) या चित्रात वादळ नाही, एकाकी यात्रिक नाही. लहानपणापासून परिचित नदीकाठ आहे. तरी १८२४च्या पॅरिस प्रदर्शनात फ्रेंच चित्रकारांना त्यातील ताजा प्रकाश आणि सुटे फटकारे क्रांतिकारक वाटले. सामान्य परिसराला भव्य कॅनव्हास व मनापासूनची आस्था देणे हे वर्ड्‌स्वर्थच्या काव्यविचाराशी जुळणारे मूल्य आहे. विषयांच्या यादीवर भिस्त ठेवणाऱ्या समीक्षकाच्या हातून नेमके हेच चित्र निसटते.

टर्नरच्या ‘गुलामांचे जहाज’ (१८४०) मध्ये आकार रंगात वितळतात. १७८१मध्ये ‘झाँग’ जहाजावरून विम्याच्या रकमेसाठी १३०हून अधिक गुलामांना समुद्रात फेकले गेले. त्या घटनेशी हे चित्र जोडले जाते. पेटलेल्या सूर्यास्ताकडे नजर ओढली जाते आणि मग उजव्या कोपऱ्यात बेडी अडकलेला पाय दिसतो. इंग्रज समीक्षक जॉन रस्किनने या चित्राची मुक्तकंठाने स्तुती केली, पण वर्णनाचा भर पाण्या-प्रकाशावर ठेवला आणि विषय तळटीपेत ढकलला. उदात्ताच्या मोहात नैतिक आशय कसा झाकोळतो, याचे समीक्षेतील हे बोलके उदाहरण आहे. चित्रात हे दोन्ही अविभाज्य आहेत: सौंदर्याने खेचून आणलेल्या नजरेलाच अत्याचाराला सामोरे जावे लागते.

गोया आणि देलाक्रवा

स्पॅनिश चित्रकार गोयाच्या ‘३ मे १८०८’ (१८१४) या चित्रात स्पॅनिश बंडखोरांवर बंदुका रोखलेल्या फ्रेंच सैनिकांचे चेहरे दिसत नाहीत. कंदिलाचा सारा उजेड पांढऱ्या सदऱ्यातील, हात पसरलेल्या माणसावर पडतो. ज्ञानोदयाच्या काळात प्रकाश हे विवेकाचे प्रतीक होते. इथे त्याच प्रकाशात नेम धरला जातो. व्यक्तीची बाजू घेणे आणि बुद्धिवादी आशावादाचा भंग अशी दोन मूल्ये एका कंदिलात एकवटली आहेत.

फ्रेंच चित्रकार देलाक्रवाने तरुणपणी जेरिकोच्या तराफ्यावरील एका पालथ्या आकृतीसाठी मॉडेल म्हणून काम केले होते. त्याच्या ‘स्वातंत्र्यदेवता जनतेचे नेतृत्व करताना’ (१८३०) या चित्रात पुढे पडलेली प्रेते आणि वर उठत जाणारी माणसांची उतरंड तराफ्याची थेट आठवण देते. फरक असा की इथे शिखरावर झेंडा घेतलेली रूपकात्मक स्त्री आहे आणि ती प्रेक्षकाच्या दिशेने येते. खरे, मळके पॅरिसकर आणि पुराणकल्पनेतील देवता यांचे हे मिश्रण वेलेकने सांगितलेल्या प्रतीक-मिथकाच्या धाग्याचे उदाहरण होय. सरकारने चित्र विकत घेतले आणि लवकरच लोकांच्या नजरेआड ठेवले.

‘सार्डानापालसचा मृत्यू’ (१८२७) या चित्रात रंगाने रेषेवर मात केली आहे. लाल शय्येचा तिरका झोत, ठाव न लागणारे अवकाश, कोंबलेली शरीरे आणि साऱ्या कत्तलीकडे निर्विकारपणे पाहणारा राजा. याच राजावरील, इंग्रज कवी बायरनच्या १८२१च्या नाटकात ही कत्तल नाही. ती देलाक्रवाच्या कल्पनेची निर्मिती आहे.

अन्वयार्थाच्या मर्यादा

‘सार्डानापालसचा मृत्यू’ याच चित्राने मूल्यांची दुसरी बाजू पुढे आणली. एडवर्ड सैद याच्या ‘ओरिएंटॅलिझम’ (१९७८) नंतर कला-इतिहासकार लिंडा नॉकलिन हिने दाखवून दिले की पौर्वात्य देश हा युरोपीय पुरुषाच्या वासना आणि हिंसा यांसाठी सोयीचा पडदा बनला होता. कल्पनेचे स्वातंत्र्य कोणाला मिळाले आणि कोणाची शरीरे त्यासाठी वापरली गेली, हा प्रश्न आता टाळता येत नाही. फ्रीडरिखच्या भूमिनिष्ठ निसर्गचित्रांना नाझी राजवटीने आपल्या प्रचाराला जुंपले, हाही धडा आहे. एकच मूल्य मुक्तीकडे नेऊ शकते तसे आंधळ्या राष्ट्राभिमानाकडेही.

दुसरी मर्यादा ‘प्रतिबिंब’ या कल्पनेचीच आहे. मूल्ये आधी पुस्तकात तयार झाली आणि मग चित्रात उमटली असे क्वचितच घडले. जेरिकोने उदात्तावरील सिद्धान्त रंगवला नाही. फसवणूक झालेल्या माणसांची कहाणी ऐकून तो अशा मांडणीपर्यंत पोहोचला, जिच्यामुळे उदात्ताचा अर्थच बदलला. चित्र हा मूल्यांचा पुरावा असतो, तसेच ते मूल्य घडवण्याची जागाही असते.

या आढाव्यातून वाचनाचा एक क्रम निघतो. प्रथम चित्रकाराच्या समोर कोणत्या रूढी होत्या आणि त्याने त्यांतील कोणत्या मोडल्या, कोणत्या राखल्या, हे पाहावे. नंतर क्षण, रचना, प्रमाण, प्रेक्षकाची जागा आणि रंगलेपन हे निर्णय एकेक करून तपासावेत. उपलब्ध असल्यास आराखडे, तांत्रिक तपासणी आणि घटनेची कागदपत्रे यांच्याशी चित्र ताडून, कुठे बदल केला आणि का, हे विचारावे. त्यानंतरच मूल्याचे नाव घ्यावे आणि त्या मूल्याला चित्रातच कुठे विरोध आहे हेही नोंदवावे. शेवटी ज्यांच्या वतीने किंवा ज्यांच्या जिवावर ही स्वातंत्र्याची भाषा बोलली गेली, त्यांची चित्रातील जागा पाहावी. या क्रमाने पाहिल्यास जेरिकोची गर्दी, फ्रीडरिखची रिकामी वाळू आणि कॉन्स्टेबलचा शांत नदीकाठ एकाच चळवळीत का मोडतात ते समजते: तिघांनीही पाहणाऱ्या माणसाचा अनुभव चित्राच्या केंद्रस्थानी आणला, आणि तो अनुभव उभा करण्यासाठी गरज पडेल तिथे शिकवलेली मांडणी बदलली.